आमच्या गच्चीचं सौर धोरण

१५ जानेवारी. सकाळी सात.
काल संक्रांत झाली. सूर्याने दिशा बदलली. आजपासून मीही बदलणार.
संकल्प: घर सौर करणे. आधी घर, मग आपल्या विठ्ठल मंदिराचा हॉल, मग म्हैसूरातली समाजाची सगळी घरं. पुढचं पुढे बघू.
भारताने नेट झिरोसाठी २०७० सालची मुदत घेतलीय. तेव्हा मी एकशेसहा वर्षांचा असेन. इतकं थांबणं जमणार नाही. मी उगादीची, म्हणजे पाडव्याची मुदत घेतली.
सौ.ला सांगितलं. ती उरलेल्या एळ्ळु-बेल्लाचे, म्हणजे इथल्या तीळगुळाचे डबे भरत होती. म्हणाली, गच्चीवर पॅनल आले की माझे सांडगे कुठे घालू, तुमच्या टकलावर? मोठ्या विचाराला पहिला विरोध घरातूनच होतो. लक्ष द्यायचं नाही.

१८ जानेवारी. रात्रीचं जेवण व्हायच्या आत लिहितोय, नाहीतर राग थंड होईल.
मंदिरात कमिटीची मीटिंग. मी उभा राहून बोललो. जगात गेल्या वर्षी पहिल्या सहामाहीत ऊन, वारा, पाणी या सगळ्यांची वीज मिळून कोळशाच्या पुढे गेली, हे सांगितलं. दुबईच्या हवामान परिषदेत २०३० पर्यंत हे सगळं तिप्पट करायचं ठरलंय, तेही सांगितलं. शेजारच्या भवानीबाईंनी विचारलं, कोळशाच्या पुढे गेली तर मग आमच्याकडे मंगळवारी का गेली होती?
दिगंबर अध्यक्ष. साड्यांचं दुकान आहे म्हणून अध्यक्ष, दुसरं कारण मला तरी दिसलेलं नाही. म्हणाला, नरहरी, सरकारच्या फुकट करंटच्या योजनेत तुझ्या घराचं बिल शून्य येतं, माझ्याही. शून्यातून काय वजा करणार? सगळे हसले. मी म्हटलं, हॉलचं बिल येतं ना, आणि प्रश्न बिलाचा नाही, पृथ्वीचा आहे. तर पुन्हा हसले.
शेवटी ठराव झाला. आधी नरहरीच्या घरी करून दाखवावं. एप्रिलअखेर कमिटी येऊन बघेल. चाललं तर हॉलवर सोलर, आणि त्या सौर समितीचा अध्यक्ष मी. तोपर्यंत तू आपलं खातं बघ, असं दिगंबर म्हणाला.
माझं खातं म्हणजे चपला व पिण्याचं पाणी. किती वर्षं झाली, आता आठवतही नाही. प्रत्येक उत्सवात सगळे आत टाळ वाजवतात आणि मी दाराशी दुसऱ्याच्या चपलांच्या जोड्या जुळवतो. बस झालं.

९ फेब्रुवारी.
पॅनल आले! कडकोळच्या एका कंपनीचा शरत नावाचा इंजिनीअर माणसं घेऊन आला. त्याच्याकडे लेझरचं मोजमाप होतं. मी गळ्यातल्या टेपने स्वतः गच्ची पुन्हा मोजली. त्याचं बरोबर निघालं. एखाद्या वेळी त्याचंही बरोबर येऊ शकतं.
सहा पॅनल. दक्षिणेकडे तोंड करून ओळीने बसवले. रंग एकदम नेव्ही ब्लू, शाळेच्या पँटीसारखा. बघून छाती भरून आली. हळदकुंकू लावलं, कोहळा फोडला. शरत म्हणाला, सार, काचेवरचं कुंकू स्वल्प पुसून टाका, त्याने करंट कमी होतो. धूळसुद्धा बसू देऊ नका.
लक्षात ठेवलं. धूळ बसू द्यायची नाही.
अख्खी गच्ची भरली. सौ. कठड्याला टेकून बघत उभी होती. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला चांगलं कळतं. ती प्रभावित झाली असावी.

१४ फेब्रुवारी.
पाच दिवसांत काचेवर बोट फिरवलं तर बोट काळं. वर कबुतरं. शरत म्हणतो, पंधरवड्याने पाण्याने धुवा. म्हणजे आधी धूळ बसू द्यायची, मग धुवायची. हे सरकारी खात्यासारखं झालं. तलकाडला अख्खी देवळं वाळूत गाडली गेली. धूळ ही चेष्टा नव्हे.
शिवाय दुसरा मुद्दा, जो इंजिनीअर लोकांच्या लक्षात येत नाही. रंग. उन्हात सगळ्यात आधी उडतो तो नेव्ही ब्लू. जन्मभर शाळांचे युनिफॉर्म शिवतोय, मला कोण सांगणार? गिऱ्हाइकाला मी नेहमी बजावतो की कडक उन्हात वाळत घालू नका, कोवळ्या उन्हात घाला. हे पॅनल पंचवीस वर्षं टिकायचे आहेत. रोज दुपारी भाजले तर दोन वर्षांत राखाडी होतील.
उपाय सुचला. इतका सोपा की जगात कुणाला सुचला नसेल. कव्हर!

१६ फेब्रुवारी.
मापं घेतली. सहाही पॅनल एकाच मापाचे, माणसांसारखी कुरकुर नाही. दुकानात उरलेल्या युनिफॉर्मच्या निळ्या कापडाची कव्हरं करणार होतो. सौ. म्हणाली, नको, निळ्याचा रंग जाईल, पांढऱ्या मांजरपाटाची शिवा. पहिल्यांदा तिने सौर ऊर्जेत रस घेतला. मी लगेच मान्य केलं. लोकसहभाग महत्त्वाचा.

२० फेब्रुवारी.
कव्हरं तयार. डबल शिलाई, कडेने पायपिंग, चारही कोपऱ्यांना नाड्या. घडीसुद्धा पडत नाही. इतकं नेमकं फिटिंग मी कुठल्या नवरदेवालाही दिलेलं नाही.
वेळापत्रक: सकाळी आंघोळ झाली की कव्हरं काढायची. कोवळं ऊन. डॉक्टरही तेच घ्या म्हणतात. साडेनऊला कव्हरं घालून मी दुकानात. दुपारचं कडक ऊन, धूळ, कबुतरं सगळं बाहेर. संध्याकाळी ऊन उतरलं की पुन्हा मोकळे, अंधार पडला की पुन्हा कव्हर.

१ मार्च.
फोनवर ॲप आहे, त्यात रोज किती वीज झाली ते दिसतं. दोन युनिट. कधी सव्वादोन. शरत बारा म्हणाला होता. विक्रीवाले वाढवून सांगतातच. आम्हीही नाही का सांगत, कापड घातल्यावर सैल होईल म्हणून?
थेंबे थेंबे तळे साचे.

५ मार्च.
सुप्रीताने ॲप बघितलं. मुलगी कंप्युटरच्या कंपनीत आहे, नऊला जाते, दिवेलागणीला येते, रविवारी अकरापर्यंत झोपते. म्हणाली, अप्पा, नंबर तुंबा, फारच कमी आहे, समथिंग इज राँग. मी तिला पेपरमधलं कात्रण दाखवलं. देशात विजेच्या क्षमतेपैकी अर्धी आता कोळशाशिवायची आहे, ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी. पण प्रत्यक्ष वीज अजून बहुतेक कोळशाचीच येते. म्हणजे क्षमता एक आणि उत्पादन दुसरं. एवढ्या मोठ्या देशाची ही गत, तर आमच्या गच्चीने काय करावं? मी राष्ट्रीय धोरणाबरोबरच चाललोय.
ती म्हणाली, अय्यो अप्पा. आणि शरतला फोन लावला.

७ मार्च. सकाळी.
शरत आठ वाजता हजर. तेव्हा कव्हरं काढलेली होती. सगळ्या वायरी तपासल्या, इन्व्हर्टर तपासला. म्हणाला, एल्ला सरी आहे सार, एकदम फर्स्ट क्लास. मग डोकं खाजवत म्हणाला, पण दिवसभरात एवढी कमी का येते? दुपारी काही सावली पडते का? मी म्हणणार होतो की सावली कुठली, गच्चीवर झाडाचं पानसुद्धा नाही. तेवढ्यात सौ. म्हणाली, शरत, कॉफी घे, गार होतेय. विषय राहून गेला.
कॉफीबरोबर तिने तळलेले सांडगे दिले. इतके खुसखुशीत की शरतने दोनदा मागून घेतले. गच्चीवर जागा नसताना हिने सांडगे कुठून आणले? बाजारातून आणले असणार. बिचारी. विचारलं नाही. तिला वाईट वाटेल.

१० मार्च.
सौ.मध्ये फार बदल. काल म्हणाली, तुमचे गुडघे दुखतात, साडेनऊला कव्हरं घालायचं काम आजपासून माझ्याकडे, आणि चारला काढायचंही. भवानीबाई मदतीला येतील. कव्हर दर दोन दिवसांनी धुऊन, इस्त्री करून वापरते. नाड्या आणखी घट्ट करून मागितल्या, मध्ये झोळ पडता कामा नये म्हणून. आणि मला दम दिला की दुपारी कुणीही कव्हराला हात लावायचा नाही.
इतकी कडक अंमलबजावणी सरकारलाही जमत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला. लोक म्हणतात बायकांना धोरण कळत नाही. माझ्या घरी येऊन बघा.

१९ मार्च. उगादी.
मुदत संपली. घर नेट झिरो झालेलं नाही. मुदत पुढे ढकलली. सगळे देश हेच करतात.
नव्या वर्षाचा संकल्प म्हणून स्वयंपाकघरात हात घातला. इंडक्शनची शेगडी आणली. गॅस एकदम बंद नाही, हळूहळू कमी करायचा. ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळशाबद्दल आपल्या देशाने हाच आग्रह धरला होता. सौ.ने पुरणाचं पितळी पातेलं शेगडीवर ठेवलं. शेगडीने ओळखच दाखवली नाही. अल्युमिनियमचं ठेवलं. तेही नाही. पुरण गॅसवर शिजलं. मी जेवायला बसलो तेव्हा इंडक्शनवर कॉफीचा फिल्टर ठेवलेला दिसला, बंद शेगडीवर, स्टँड म्हणून.
होळिगे, म्हणजे पुरणपोळी, मात्र उत्तम झाली होती. चार खाल्ल्या. मग झोपलो.

२ एप्रिल.
युनिफॉर्मचा सीझन. दुकानात मान वर करायला वेळ नाही. डबा दुकानातच खातो. डब्यात रोज सांडगे. गिऱ्हाइकं मागून नेतात. एका बाईने विचारलं, तुमच्या कुसुमबाईंचे ना? आमच्या गल्लीत सगळ्यांनी त्यांच्याकडूनच घेतले. मला आश्चर्य वाटलं. बाजारातून आणून वाटते का ही?
पेपरात वाचलं की राजस्थानात दुपारी सौर वीज इतकी होते की तारांना झेपत नाही, म्हणून पॅनल बंद ठेवायला सांगतात. त्याला कर्टेलमेंट म्हणतात. वाचून अंगावर काटा आला. जे तिथल्या मोठमोठ्या तज्ज्ञांना आत्ता उमगतंय ते मी फेब्रुवारीपासून करतोय. दुपारी बंद! हे भाषणात घालायचं.

१९ एप्रिल.
पुढच्या रविवारी कमिटी येणार. भाषण लिहिलं, आठ पानं. सौर समिती अध्यक्ष या नावाने सही करून बघितली. नरहरीमधला न जरा मोठा काढला तर भारदस्त दिसतो.
सौ.ला म्हटलं, दुपारी बाराला सगळ्यांना गच्चीवर नेणार, कव्हरांसकट दाखवणार. तिच्या हातातला डाव थांबला. म्हणाली, संध्याकाळी पाचला न्या की, सुम्ने उगाच ऊन कशाला? मी म्हटलं, ऊनच तर दाखवायचंय! तिने डाव बाजूला ठेवला. मग म्हणाली, बरं. अहो, एक विचारू? दाखवायलाच पाहिजे का? आपण बरे, आपली गच्ची बरी.
माझ्यासाठी ती घाबरतेय. मन भरून आलं. म्हटलं, तू काही काळजी करू नकोस.

२६ एप्रिल. सकाळी नऊ.
इस्त्रीचा शर्ट. आठ पानं खिशात. आज चपलांचा शेवटचा दिवस.
सौ. आणि भवानीबाई पहाटेपासून स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मोठं पातेलं गॅसवर होतं. कमिटीसाठी उपमा असावा.

२६ एप्रिल. संध्याकाळ.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
बाराला कमिटी आली. दिगंबर पुढे, मी त्याच्याही पुढे. जिन्यात पहिली तीन पानं म्हणून झाली. दार उघडलं.
सहाच्या सहा पॅनलवर माझी पांढरी कव्हरं, ताठ, एक सुरकुती नाही. आणि त्यांच्यावर सांडगे. ओळीने, एका आकाराचे, बोटभर अंतर सोडून. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये भवानीबाई छत्री घेऊन स्टुलावर बसलेल्या, हातात कावळे हाकायची काठी. त्या उठून म्हणाल्या, या या, जरा जपून, डावीकडचे अजून ओले आहेत.
मी चौथं पान काढलं. काढलं आणि हातात धरून राहिलो.
दिगंबरने विचारलं, नरहरी, पॅनल कुठे आहेत? मी म्हटलं, खाली. धूळ बसू नये म्हणून कव्हर. आणि रंग उडू नये म्हणून. आणि राजस्थानात तर. पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही.
सुप्रीता रविवार असून उठली होती, कमिटीला ॲप दाखवायला आली होती. तिने एकदा कव्हराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, अप्पा, दिवसभर असंच? म्हणजे मॉर्निंगपासून? मी मान हलवली. तिने भवानीबाईंना विचारून एका पॅनलवरचे सांडगे ताटात काढले, चारही नाड्या सोडल्या आणि कव्हर बाजूला केलं. नेव्ही ब्लू काच झगझगली. मग तिने फोन दिगंबरच्या समोर धरला. आकडा वर चढला. दुसरं कव्हर काढलं, आणखी चढला. सगळे फोनभोवती गोळा झाले. मुलं क्रिकेटचा स्कोअर बघतात तसे. मीही वाकून बघितलं. इतका मोठा आकडा मी त्या फोनवर कधी पाहिला नव्हता.
मग दिगंबरने ताटातला एक कच्चा सांडगा उचलून तोंडात टाकला. म्हणाला, वैनी, यंदा हे झालेत बाकी एक नंबर.
तेव्हा सगळे हसले. सौ. हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला तिथून जिन्याखाली पळून जावंसं वाटलं.

२७ एप्रिल.
शांत डोक्याने विचार केला. दोष कुणाचा? शरतने धूळ बसू देऊ नका म्हटलं होतं. कव्हर घालू नका, असं म्हटलं नव्हतं. मुद्दा नोंदवून ठेवतो.
सौ.ला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. पॅनलला ऊन लागतं, एवढं मला नको का कळायला? मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही मला न विचारता माझी गच्ची घेतलीत. मी तुम्हाला न विचारता थोडी परत घेतली. काल पाचला न्या म्हटलं होतं, सांडगे काय कमिटीसाठी थांबतात? आणि खालून काच तापते, वरून ऊन, असे सांडगे जन्मात झाले नाहीत. तुमचं कापडही फार चांगलं हो, एक दाणा चिकटत नाही.
रागवायचं ठरवलं होतं. शेवटच्या वाक्याने घोटाळा केला.

३ मे.
कमिटीचा निरोप आला. हॉलवर सोलर करायचं, एकमताने. सुप्रीताने कव्हर काढून जे दाखवलं त्याने सगळ्यांची खात्री पटली. सौर समितीची अध्यक्ष सुप्रीता. ठरावात एक ओळ जादा घातलीय: पॅनलवर कोणत्याही प्रकारचं वस्त्र घालू नये.
माझ्याकडे चपला व पिण्याचं पाणी, पूर्ववत.
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मुलीचं नाव ऐकून आनंदही झाला, आणि वाईटही तितकंच वाटलं. दुपारभर काज करत बसलो. तीन शर्टांना चुकीच्या बाजूला केली.

९ मे.
घरची कव्हरं गेली. शरत म्हणाला तसे बारा युनिट रोज येतात. कधी तेरा. आपल्या खोलीत बसून आकडा बघतो. सौ.ची मात्र पंचाईत. लोकांनी सांगून ठेवलेत आणि वाळवायला जागा नाही. आज ती परातीत चार-चार सांडगे घेऊन कठड्यावर ऊन शोधत फिरत होती. बघवेना. दिगंबरच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे कधी काही मागितलेलं नाही, आज मागितलं. म्हटलं, हॉलची गच्ची मोठी आहे, अर्धी पॅनलला दे, अर्धी कुसुमला. त्याने मला बसवून चहा पाजला आणि हो म्हणाला. सांडगे आवडले म्हणून असेल.

१२ जुलै. रविवार.
मंदिराच्या सोलरचं उद्घाटन. सुप्रीताला मराठीत बोलायचं होतं, आणि तिची मराठी म्हणजे निम्मं कन्नड. काल मी भाषण लिहून दिलं. त्यात माझ्यावर दीड पान होतं, दूरदृष्टी वगैरे. तिने ते सगळं गाळलं. स्वतःचंच एक वाक्य बोलली, आमचे अप्पा नसते तर कोणी वर जाऊन बघितलंच नसतं, अष्टे, इतकंच. लोक हसले आणि टाळ्याही वाजवल्या. मी दाराशी होतो, चपलांपाशी. तिथून नीट ऐकू आलं.
गर्दी ओसरल्यावर वर जाऊन बघावं म्हणून गच्चीची किल्ली मागितली. सुप्रीता म्हणाली, अम्माकडे आहे. सौ. म्हणाली, किल्ली माझ्याकडेच ठेवायची, असं कमिटीत ठरलंय. कुणाला द्यायची नाही हेही ठरलंय. नाव नाही घेतलं, पण बघत माझ्याकडेच होती.
जिन्याखाली मीटर लावलाय. त्याच्यापुढे उभा राहिलो. बाहेर ढग होते तरी आकडा सरकत होता. कुणी कव्हर काढलं नाही, कुणी घातलं नाही, मी काहीच केलं नव्हतं, आणि तो आपला वाढत होता. बघत उभा राहिलो. मग एका म्हातारबुवांना त्यांचा डावा जोडा सापडेना, म्हणून परत गेलो.